प्रत्येक कॉलला नाव शोधतात म्हणे!

डेव्हलपरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्ट फिरत असते. मधूनमधून कुणीतरी ती नव्यानं टाकतं आणि खाली अंगठ्यांची रांग लागते. पोस्टचा मजकूर थोडक्यात असा: पीएचपी ही स्क्रिप्टिंग भाषा, त्यामुळे फंक्शन बोलावलं की दर वेळी त्याचं नाव हॅश टेबलमध्ये (नावावरून हॅश नावाचा आकडा काढून त्यानुसार कप्प्यात नोंद ठेवणारं कोष्टक) शोधावं लागतं. यूसॉर्टसारख्या, यादी क्रमानं लावणाऱ्या फंक्शनला कॉलबॅक, म्हणजे त्यानं बोलवायचं आपलं फंक्शन, दिला, तर हा शोध दर तुलनेला होतो, म्हणून कॉलबॅक टाळा. फंक्शनच्या नावाआधी बॅकस्लॅश लावा, शोध वाचतो. ॲरे, म्हणजे नोंदींची यादी, मात्र बिनधास्त वापरा, तो हॅश टेबलच असल्यामुळे कितीही फुगला तरी शोध तेवढ्याच वेळात.

परवा टीममधल्या एका नव्या पोरानं कोड रिव्ह्यूमध्ये ही पोस्ट माझ्यापुढे पुरावा म्हणून ठेवली. यूसॉर्ट काढून त्यानं हातानं दोन लूप एकात एक घालून सॉर्ट लिहिला होता. तेव्हा आता लिहितोच.

दर कॉलला नावाचा शोध, इथपासून सुरुवात करू. नावांचा आणि हॅशचा संबंध पीएचपीत एके काळी फारच जवळचा होता, हे खरं. अगदी सुरुवातीच्या काळात, शंभराच्या आत फंक्शनं होती तेव्हा, फंक्शनचा हॅश म्हणजे चक्क नावाची लांबी. सगळी नावं एकाच लांबीची होऊन एका कप्प्यात गर्दी होऊ नये म्हणून नावं मुद्दाम कमी-जास्त लांबीची ठेवली, असं खुद्द पीएचपीचे जनक रासमस लेरडॉर्फ यांनी २०१३ मध्ये सांगितलंय. एचटीएमएलस्पेशलचार्स हे लांबलचक नाव त्यातलंच.

पण ती गोष्ट १९९४ च्या सुमाराची. आज फाइल चालण्याआधी तिचे ऑपकोड, म्हणजे पीएचपीच्या इंजिनाला कळणाऱ्या सूचना, तयार होतात. नाव लहान लिपीत करून ठेवण्याचं काम तिथेच उरकतं. चालवताना एखादा कॉल पहिल्यांदा आला की नाव फंक्शन टेबलमध्ये शोधतात आणि सापडलेला पत्ता त्या कॉलसाठी राखलेल्या कप्प्यात ठेवून देतात. त्याच रिक्वेस्टमध्ये लूप लाख वेळा फिरला तरी पुढच्या फेऱ्यांत नुसता कप्पा उघडायचा. आपल्याच फाइलमधल्या किंवा पीएचपीच्या स्वतःच्या फंक्शनांचं तर बऱ्याचदा कंपाइल होतानाच ठरतं. फंक्शनच्या आतल्या साध्या व्हेरिएबलांचीही तीच कथा: पीएचपी ५.१ पासून, म्हणजे २००५ पासून, त्यांना क्रमांकाच्या जागा मिळतात, हॅशचा प्रश्नच येत नाही. दोन डॉलर लावून व्हेरिएबलचं नाव व्हेरिएबलमधून काढलंत किंवा एक्स्ट्रॅक्ट (ॲरेतून व्हेरिएबलं बनवणारं फंक्शन) वापरलंत, की मात्र खरंखुरं टेबल बांधावं लागतं. ते तुम्ही स्वतः ओढवून घेतलेलं असतं.

आता कॉलबॅक. पोरानं यूसॉर्ट काढला तो याच भीतीपोटी, म्हणून इथे जरा थांबतो. यूसॉर्टला तुम्ही नाव स्ट्रिंग (साधा मजकूर) म्हणून द्या किंवा क्लोजर (बिननावाचं फंक्शन) द्या, आत शिरताना पॅरामीटर तपासले जातात तेव्हाच कोणतं फंक्शन हे एकदा ठरतं आणि त्याचा पत्ता बाजूला ठेवला जातो. नंतरच्या साऱ्या तुलना तोच पत्ता वापरतात. ॲरेच्या प्रत्येक नोंदीवर फंक्शन चालवणाऱ्या ॲरे_मॅपचंही तसंच. कॉलबॅक फुकट असतो असं मी म्हणत नाही. यूसॉर्ट सी भाषेत लिहिलेला आहे, त्याला तुमचं पीएचपी फंक्शन बोलवायला दर वेळी नवी फ्रेम मांडून इंजिनात परत शिरावं लागतं. खर्च आहे तो या ये-जा करण्याचा, नाव शोधण्याचा नव्हे.

आणि त्याहून मोठा खर्च तुम्ही कॉलबॅकच्या आत काय लिहिता त्याचा. १०,००० ओळी लावायच्या तर चांगल्या सॉर्टला साधारण १.३ लाख तुलना लागतात. त्यातल्या प्रत्येक तुलनेच्या आत दोन्ही बाजूंच्या तारखांवर स्ट्रटूटाइम (तारखेचा आकडा करणारं फंक्शन) चालवलात, तर झाले २.६ लाख कॉल. तेच आधी एकदा फिरून तारखांचे आकडे करून ठेवले तर १०,०००. आमच्या पोराच्या दोन लूपांना १०,००० ओळींसाठी जवळपास ५ कोटी तुलना लागत होत्या. कॉलबॅक मात्र वाचला!

पोस्टमध्ये अर्धं सत्य आहे ते दिलेलं फंक्शन बोलावणाऱ्या कॉल_यूझर_फंकपाशी. त्याला स्ट्रिंग दिलीत तर नाव दर वेळी खरंच शोधलं जातं. पीएचपीत लिहिलेल्या वर्डप्रेसचे हुक (ठरलेल्या जागी फंक्शनं अडकवायची सोय) याच वाटेनं चालतात. पण लेखाच्या मजकुरासाठीच्या द_कंटेंट या हुकवर वर्डप्रेसनं स्वतःच काय काय अडकवलंय ते बघा. डब्ल्यूपीटेक्स्चराइझ अख्ख्या लेखावर रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातले नमुने शोधणारी सूत्रं) फिरवून अवतरणचिन्हं वळवतो. त्याच्यापुढे एका नावाचा शोध म्हणजे समुद्रात लोटाभर पाणी.

बॅकस्लॅशचं दोन ओळींत उरकतं. नेमस्पेसमध्ये, म्हणजे नावांच्या वेगळ्या गटात, नुसतं नाव लिहिलं तर पीएचपी आधी नेमस्पेसमध्ये बघते, मग बाहेर, आणि हेही पहिल्याच वेळी. मजकुराची लांबी सांगणाऱ्या स्ट्रलेनसारख्या मोजक्या फंक्शनांना स्वतःचा ऑपकोड आहे, तिथे बॅकस्लॅशचा फायदा होतो. बाकी ठिकाणी हौस.

राहिला शेवटचा दावा, ॲरे बिनधास्त वापरा हा. खरा धोका इथे आहे आणि पोस्ट नेमकी इथेच पाठ थोपटते. एक तर हॅश असतो तो कीचा (नोंदीच्या नावाचा), व्हॅल्यूचा (आतल्या मालाचा) नव्हे. व्हॅल्यू यादीत आहे का ते सांगणारा इन_ॲरे पहिल्यापासून एकेक व्हॅल्यू बघत जातो. २०,००० नोंदींच्या लूपमध्ये २०,००० च्या यादीवर इन_ॲरे लावलात आणि काही सापडलंच नाही, तर ४० कोटी तुलना. हीच यादी की म्हणून ठेवून इझसेटनं ‘ही की आहे का’ असं विचारलं तर २०,००० शोध.

दुसरं, कीचा शोधसुद्धा नेहमी झटपट होईलच असं नाही. पीएचपीचा स्ट्रिंग हॅश सोपा आहे: आतापर्यंतच्या आकड्याला ३३ नं गुणा, पुढच्या अक्षराचा कोड मिळवा. कागद घ्या. मोठा ई ६९, छोटा झेड १२२: ६९ गुणिले ३३ अधिक १२२, म्हणजे २३९९. मोठा एफ ७०, मोठा वाय ८९: ७० गुणिले ३३ अधिक ८९, पुन्हा २३९९. म्हणजे या दोन जोड्या हॅशच्या लेखी एकच. अशा १६ जोड्या हव्या तशा ओळीनं लावा, ३२ अक्षरांच्या ६५,५३६ वेगवेगळ्या की मिळतात आणि सगळ्या एकाच कप्प्यातल्या साखळीत जाऊन बसतात. नवी की घालताना आधीची साखळी तपासावी लागते, त्यामुळे एकूण २०० कोटींवर तुलना.

हा नुसता कागदावरचा खेळ नाही. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या परिषदेत दोघा संशोधकांनी दाखवून दिलं, की फॉर्ममधून अशा की पाठवल्या की सर्व्हर अडकून बसतो. पीएचपीबरोबर पायथन, रुबी, जावा यांचीही नावं त्यात होती. पायथननं पुढे हॅशमध्ये यादृच्छिक आकडा मिसळला, पर्लनं ते २००३ पासूनच सुरू केलं होतं. पीएचपीनं हॅश तसाच ठेवला आणि ५.३.९ या आवृत्तीत मॅक्स_इनपुट_व्हार्स आणून फॉर्ममधल्या व्हेरिएबलांवर १,००० ची मर्यादा घातली. त्या घाईच्या दुरुस्तीतच आणखी गंभीर भोक राहिलं आणि लगोलग ५.३.१० काढावी लागली. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तसलं काही. आणि जेसन, म्हणजे डेटा पाठवायचा मजकूर, उघडणाऱ्या जेसन_डीकोडला ही मर्यादा लागू नाही, तेव्हा बाहेरून आलेला जेसन उघडण्याआधी त्याचा आकार तपासा.

पोराची फाइल मी दुरुस्त करून परत पाठवली. यूसॉर्ट परत आणला, तारखांचे आकडे सॉर्टच्या आधी काढले, लूपमधला इन_ॲरे जाऊन इझसेट आला. बॅकस्लॅश त्यानं मोठ्या कष्टानं लावले होते, ते राहू दिले. त्यांनी कुणाचं काही बिघडत नाही.