रेंजरला डॅमेज नको, रान द्या

नागपुरात डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन टेबलावर डाइसने खेळायचा खेळ) खेळणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. थोडक्यात तो असा : रेंजर (रानात वावरणारा शिकारी) हा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, जन्मापासूनच कमजोर. अर्धा फायटर (लढवय्या), अर्धा ड्रुइड (निसर्गाचा मांत्रिक) आणि दोन्ही विषयांत नापास. डॅमेज (घावाने होणारं नुकसान) कमी, रानातली विद्या शोभेची, मंत्र उसने, सोबतचं जनावर म्हणजे लोढणं. उपाय काय, तर मंत्र काढून टाका आणि प्रत्येक बाणाला एक जास्तीचा डाइस द्या. धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत जो भेटतो तो हेच ऐकवतो. रोग बरोबर धरला असता तर मी गप्प बसलो असतो.

‘जन्मापासून कमजोर’ हे आधी निकाली काढू. रेंजर पहिल्यांदा छापला गेला १९७५ साली, डी अँड डी काढणाऱ्या टीएसआर कंपनीच्या पत्रिकेत. १९७८ च्या नियमांत त्याला पहिल्याच लेव्हलला हिट पॉइंटसाठी (किती मार सोसेल त्यासाठी) दोन डाइस होते, फायटरसकट बहुतेकांना एक. ऑर्क, गॉब्लिन, ट्रोल अशा ‘जायंट’ वर्गातल्या शत्रूंवर त्याला प्रत्येक लेव्हलमागे डॅमेजमध्ये एक जास्त. म्हणजे दहाव्या लेव्हलचा रेंजर ऑर्कवर प्रत्येक घावाला दहा जास्तीचे घालायचा. तलवारीचा डाइस आठाचा (आठ बाजूंचा) आणि वरून हे दहा! मग आवरला कसा? जगण्याच्या अटींनी. स्वतःला आणि घोड्याला वाहून नेता येईल तेवढीच मालमत्ता, तीनपेक्षा जास्त रेंजर एकत्र नाहीत, आणि वागण्यातला चांगुलपणा सुटला की रेंजरपण गेलं. २००८ च्या आवृत्तीत तर त्याचे मंत्रच काढले आणि दर पाळीला दोन हल्ले हातात दिले. तेव्हा डॅमेजच्या बाबतीत तो वरच्या रांगेत होता. कमजोरपणाची ओरड आहे ती मुख्यतः २०१४ च्या नियमपुस्तकाची. पन्नास वर्षांचा इतिहास त्यात कोंबू नये.

आता डॅमेज. कागद घ्या आणि पाचव्या लेव्हलचा हिशेब मांडा. डेक्स्टेरिटी (चपळाई) १८, आर्चरी स्टाइल (धनुष्याचा नेम सुधारणारी), हातात लाँगबो, समोर एसी (शत्रूचा बचावाचा आकडा) १५. फायटरचे दोन बाण, प्रत्येकी सरासरी ८.५, लागण्याची शक्यता ७५ टक्के : पाळीला सुमारे १२.८. रेंजरचं सगळं तेच, वर हंटर्स मार्कचा (शिकारीवर खूण करायच्या मंत्राचा) सहाचा डाइस : १८. शॉर्टबोवाला ‘रोग’ (Rogue, चोरट्यांचा क्लास) स्नीक अटॅकसकट (गाफील शत्रूवरच्या जास्तीच्या घावासकट) ११.७ वर येतो, ॲडव्हान्टेज (दोनदा डाइस टाकून मोठा आकडा घ्यायची मुभा) मिळाला तरी १५.८. फायटरकडे ॲक्शन सर्ज (एका पाळीत जास्तीची चाल) आहे, मान्य. पण तो विश्रांतीमागे एकदा, आणि मार्क तासभर चालतो. हा ‘कमी डॅमेज’ कुठून आला बा?

अकराव्या लेव्हलला फायटरला तिसरा हल्ला मिळतो आणि रेंजरला मिळत नाही. डेक्स्टेरिटी २० आणि एसी १७ धरला तर फायटर साधारण २१.४, रेंजर १९.५. फरक दोनाचा. एवढ्यासाठी कोणी क्लास बदलत नाही.

खरी गोम आहे ती कॉन्सन्ट्रेशनमध्ये, म्हणजे लक्षात. मार्क हा मंत्र आहे, तो लक्ष देऊन धरून ठेवावा लागतो. फटका बसला की ते टिकलं का हे कॉन्स्टिट्यूशनच्या (काटकपणाच्या) सेव्हिंग थ्रोने, म्हणजे बचावाच्या डाइसने ठरतं; रेंजरला त्यात प्रावीण्य नाही, त्याचं प्रावीण्य स्ट्रेंग्थ आणि डेक्स्टेरिटीत. कॉन्स्टिट्यूशनचा बोनस दोन असेल तर साध्यातला साधा फटका बसल्यावरही मार्क सुटायची शक्यता ३५ टक्के. सुटला की १९.५ चे १४.३. तेव्हाच त्याला वाटतं, मी धनुष्य धरलेला कोणीतरी आहे. शिवाय मार्क धरला असेल तर स्पाइक ग्रोथ (जमिनीवर काटे उगवणारा मंत्र) नाही, पास विदाउट ट्रेस (गटाला लपवणारा मंत्र) नाही, कारण त्यांनाही तेच लक्ष लागतं. जास्तीचा डाइस दिल्याने यातलं काहीच सुटत नाही. उलट तो डाइस मार्कसारखाच लटकता ठेवला, तर पोकळ आकडा तेवढा फुगतो.

मंत्र काढायचे? काढा की. २०१९ च्या पाथफाइंडर या डी अँड डीसारख्याच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत रेंजरला मुळात मंत्र नाहीत, शिकार निवडायची एक ॲक्शन (पाळीतली चाल) आहे आणि ते छान चालतं. पण डी अँड डीत मंत्र काढून नुसता डाइस दिला तर जो उरतो तो फायटर. तो आपल्याकडे आधीपासून आहे.

जनावराबद्दल मजकूर २०१४ पुरता बरोबर आहे. बीस्ट मास्टरला (जनावर सोबत ठेवणाऱ्या रेंजरला) लांडग्याला ‘चाव’ म्हणायला स्वतःची ॲक्शन घालवावी लागायची. २०२० मध्ये बोनस ॲक्शनवर (पाळीतल्या जास्तीच्या छोट्या चालीवर) हुकूम देण्याचा पर्याय आला. २०१४ च्या नियमावर अजून चिडायचं असेल तर ज्याची त्याची मर्जी.

राहिली रानातली विद्या. मजकुरात तिला ‘शोभेची’ म्हणून एका ओळीत उडवलंय. माझं भांडण याच ओळीशी. २०१४ चा नॅचरल एक्सप्लोरर वाचा : आवडत्या प्रदेशात तुमचा गट रस्ता चुकत नाही, झाडोऱ्याने वेग कमी होत नाही, अन्न शोधलं की दुप्पट मिळतं. ही विद्या शोभेची नाही, अति ताकदवान आहे. इतकी की रान उरतच नाही. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) आठवडाभर जीव ओतून लिहिलेलं जंगल रेंजरच्या एका ओळीने पुसलं जातं, आणि गटाला वाटतं, याने काही केलंच नाही. (नियमात ‘जादूने भुलवलं तर सोडून’ अशी सवलत आहे. म्हणजे आपल्याकडचा चकवा लागला तर रेंजरही रात्रभर त्याच मोहाच्या झाडाला फेऱ्या घालणार. विदर्भातल्या डीएमनी ही फट वापरावी.)

पेंचला गेलात तर जिप्सीतल्या गाईडकडे बघा. त्याला वाघ ‘आपोआप’ सापडत नाही. तो गाडी बंद करायला लावतो. चितळाचा इशाऱ्याचा कॉल एकदाच आला की सारखा येतोय, वानर झाडावरून कोणत्या बाजूला तोंड करून ओरडतंय, धुळीतल्या पगमार्कची कड अजून तीक्ष्ण आहे की ढासळली, मे महिना असेल तर जवळचा पाणवठा कुठे, हे सगळं जुळवून तो ड्रायव्हरला म्हणतो, इकडून घ्या. तो चुकूही शकतो. रेंजरला खेळायला द्यायचं ते हे वाचणं आणि त्यावरून ठरवणं.

टेबलावर ते आणणं अवघड नाही. रस्ता न चुकण्याची हमी काढा. त्याजागी, माग काढताना सर्व्हायव्हलचा (रानात तगण्याच्या कौशल्याचा) डाइस यशस्वी झाला की रेंजरने डीएमला प्रश्न विचारावेत : किती जण, किती वेळापूर्वी, जखमी कोण, घाईत होते का. पाचपेक्षा चांगल्या फरकाने जमलं तर एक प्रश्न जास्त. उत्तर खरंच द्यायचं. आणि त्या उत्तरावर पुढच्या लढाईची सुरुवात ठरू द्या : वारा कुठून, घात कोण कोणावर घालतं, पाणी कोणाच्या बाजूला. अशा एका उत्तराने वाचलेली पाळी सहाच्या डाइसपेक्षा महाग असते. आणि डीएमनेही डंजनच्या दाराशीच गोष्ट सुरू करू नये. प्रवासाला टेबलावरचा वेळ मिळाला नाही तर दुनियेतला कुठलाही नियम रेंजरला वाचवणार नाही.

२०२४ च्या पुस्तकाने काय केलं? मार्क कायम तयार, पहिल्या लेव्हलला दोनदा फुकट, निवडक कौशल्यांत एक्सपर्टीज (दुप्पट प्रावीण्य). चांगलं. फटका बसला तरी मार्क सुटणार नाही ही सोय मात्र तेराव्या लेव्हलला, तिथपर्यंत किती खेळ पोचतात ते आपल्याला माहीत आहे. विसाव्या लेव्हलचं बक्षीस म्हणजे मार्कचा डाइस सहावरून दहाचा, सरासरी दोनाची वाढ. इथे मजकूरवाल्यांचा राग मला मंजूर आहे. माझ्या टेबलावर तेराव्याची सोय पाचव्या लेव्हललाच मिळते, पण रेंजरच्याच पाच लेव्हल हव्यात, म्हणजे कोणी रेंजरची एक लेव्हल चोरून फायटरला मार्क चिकटवणार नाही. दुसऱ्या मंत्रासाठी लक्ष मात्र सोडावंच लागतं, ती निवड मी काढलेली नाही.