ट्राउटमनच्या मानेबद्दल खुलासा

‘मान मोडली, डॉक्टरांनी थांबायला सांगितलं, तरी गडी मैदान सोडेना! नाहीतर आजचे नाजूक खेळाडू...’ हा मेसेज गेल्या आठवड्यात मीही पुढे ढकलला होता. चूक माझी.

सामना खरा आहे. ५ मे १९५६, वेम्बली, इंग्लंडमधल्या एफए कप या फुटबॉल स्पर्धेची फायनल. मँचेस्टर सिटीचा गोलकीपर बर्ट ट्राउटमन बर्मिंगहॅमच्या पीटर मर्फीवर आदळला तेव्हा सुमारे १७ मिनिटं उरली होती. सिटी ३-१ जिंकली. पण मान मोडल्याचं तेव्हा कुणालाच, खुद्द त्यालाही, माहीत नव्हतं. वेदना भयंकर होत्या, पण निदान झालं काही दिवसांनी, एक्स-रे काढल्यावर. शिवाय तेव्हा बदली खेळाडूच नसायचा. इंग्लिश लीगमध्ये ती सोय १९६५ साली आली. तो बाहेर गेला असता तर संघ दहा जणांवर आला असता आणि गोलमध्ये दुसऱ्याच कुणाला उभं करावं लागलं असतं.

मेसेजमधला ‘अस्सल इंग्रज मर्द’ तर मूळचा ब्रेमेनचा जर्मन, युद्धकैदी म्हणून इंग्लंडात आलेला!

त्याच्या धाडसाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. फक्त तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर हा खुलासाही तिथेच टाका.