मांचुरियातला तो पाठलाग : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

किम जी-वूनच्या 'द गुड, द बॅड, द विअर्ड' (२००८) या कोरियन सिनेमावरच्या माझ्या लेखाला तुम्ही इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, तर उत्तरही सविस्तरच द्यायला हवं. तुमचे आक्षेप तीन : हा सिनेमा इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनीच्या वेस्टर्नची, म्हणजे घोडे-बंदुकांच्या अमेरिकन धाटणीच्या सिनेमांची, कोरियन नक्कल आहे, त्यात पळापळीपलीकडे गोष्ट नाही, आणि दर वेळी नव्या जॉनरमध्ये (सिनेमाच्या प्रकारात) शिरणाऱ्या किम जी-वूनला स्वतःचं असं काही सांगायचंच नसतं.

आधी नकलेबद्दल. किमने उसनवारी लपवलेली नाही, लिओनीच्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'वरून ती थेट शीर्षकातच मांडलीय. पण लिओनीने तरी वेस्टर्न कुठून आणला? 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'ची (१९६४) गोष्ट त्याने जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'योजिंबो'वरून (१९६१) न विचारता उचलली. प्रकरण कोर्टकचेरीपर्यंत गेलं आणि मिटवताना जपान्यांना कमाईतला १५ टक्के वाटा द्यावा लागला. म्हणजे जपानी गोष्ट, इटालियन दिग्दर्शक, आणि अमेरिकेचं म्हणून दाखवलेलं वाळवंट स्पेनमधल्या आल्मेरियाचं. वेस्टर्नच्या सातबाऱ्यावर कुणा एकाचं नाव नाही. शिवाय मांचुरियात, म्हणजे चीनच्या ईशान्येकडच्या मुलखात, घडणारे वेस्टर्न कोरियात साठ-सत्तरच्या दशकांत निघतच होते. ली मान-हीचा १९७१चा 'ब्रेक द चेन' ही किमची खरी प्रेरणा.

मांचुरियाचा हा मुद्दा मी मूळ लेखात दोन ओळींत उरकला, ती माझी चूक. १९१०मध्ये जपानने कोरिया गिळला. जमिनी गेलेली, पोटासाठी निघालेली, स्वातंत्र्यासाठी लढणारी कितीतरी कोरियन माणसं सीमेवरच्या नद्या ओलांडून मांचुरियात गेली. १९३२मध्ये तिथेही जपानने मांचुकुओ नावाचं कळसूत्री राज्य उभं केलं. सिनेमा तीसच्या दशकातल्या या मुलखात घडतो : खजिन्याच्या एका नकाशामागे लागलेल्या तीन कोरियन माणसांची ही गोष्ट. आगगाडी, दरोडेखोर, सुपारी घेणारे, कायदा नसलेलं माळरान, हे सगळं वेस्टर्नला लागतं आणि इथे ते ओढूनताणून आणावं लागत नाही. फरक एवढाच की अमेरिकन वेस्टर्नमधला माणूस जमीन आपली करायला निघालेला असतो, आणि इथले तिघे परक्या मुलखात आहेत. ज्यांचा देशच नकाशावरून पुसला गेलाय, ते एका नकाशासाठी जीव घ्यायला उठलेत. सोंग कांग-होचा तेगू, म्हणजे शीर्षकातला 'विअर्ड', रात्री मुक्कामाला गावाकडे जमीन घेण्याचं, गुरं पाळण्याचं स्वप्न सांगतो, तो प्रसंग पुन्हा बघा. त्याच्या बडबडीला हसता हसता माझ्या घशाशी आवंढा आला होता.

आता पळापळ. हो, शेवटचा पाठलाग लांब आहे, आणि मला तो तेवढाच लांब हवा होता. पुढे साइडकारच्या मोटरसायकलवर तेगू, मागे 'बॅड' ली ब्युंग-हुनची टोळी, त्यांच्या मागे स्थानिक दरोडेखोर, आणि या सगळ्यांवर तोफा डागत येणारं जपानी सैन्य. मग 'गुड' जुंग वू-सुंग घोड्यावरून येतो, लगाम सोडून एका हाताने रायफल गरकन फिरवून भरतो आणि एकटा त्या सैन्यात घुसतो. जुंगने घोडेस्वारी स्वतः केलीय, आणि चित्रीकरण चीनमध्ये दुनह्वांगच्या बाजूच्या खऱ्या वाळवंटात झालंय. उडणारी धूळ खरी आहे. एवढ्या गर्दीत कोण कुठे आहे हे एकदाही चुकत नाही, आणि ॲक्शनमध्ये मला याहून मोठं कौशल्य माहीत नाही. गोष्ट त्या पाठलागातच आहे : प्रत्येकाला खजिना हवाय आणि तो कसला आहे, हे त्या तिघांना ठाऊक नाही. तुम्ही सिनेमा पाहिलाय म्हणून लिहितो, शेवटी जमिनीतून जे उसळतं ते तेल आहे हे त्या तिघांपैकी एकालाही कळत नाही.

मधला चोरबाजाराचा भाग सैल आहे, हे मात्र मान्य.

आणि किमला स्वतःचं सांगायचं नसतं? भय हवं तर 'अ टेल ऑफ टू सिस्टर्स' (२००३), गुंडांचं जग हवं तर 'अ बिटरस्वीट लाइफ' (२००५), सूड हवा तर 'आय सॉ द डेव्हिल' (२०१०). कपडे दर वेळी वेगळे, पण आतला माणूस मला एकच दिसतो : एका गोष्टीच्या मागे लागलेला आणि ती का हवी होती हेच विसरून गेलेला. 'बिटरस्वीट'चा नायक इतकी माणसं मारून शेवटी मालकाला एवढंच विचारतो की माझ्याशी असं का वागलात. 'डेव्हिल'मधला नायक खुन्याला पकडतो, बडवतो, सोडून देतो, पुन्हा पकडतो. सूड पुरा होतो आणि तो रस्त्याने रडत चालत राहतो. जॉनर जे देण्याचं वचन देतो ते किम हातात ठेवतो, आणि मूठ उघडली की ती रिकामी असते. तेलाच्या त्या कारंज्यातही मला हेच दिसतं.

किमच्या हॉलिवूडमधल्या 'द लास्ट स्टँड'बद्दल (२०१३) तुमचा राग मी समजू शकतो. ॲरिझोनाच्या सीमेवरच्या गावात श्वार्झनेगर म्हातारा शेरीफ आहे, आणि हॉलिवूडच्या त्या साच्यात किमचा तो रिकामा हात कुठेच दिसत नाही. तरी उंच मक्याच्या शेतात दोन गाड्या एकमेकींना न दिसता शोधत फिरतात, तेवढा प्रसंग त्याचाच.

घरच्यांबरोबर बसून कुठला बघता येईल, असंही तुम्ही विचारलंत. 'डेव्हिल' अजिबात नको. 'द फाउल किंग' (२०००) लावा. बँकेतला बुजरा कारकून मुखवटा चढवून कुस्तीच्या रिंगणात उतरतो, आणि तो कारकूनही सोंग कांग-होच आहे.