थंडीत अंगणात बियर बनवा म्हणे!

थंडी सुरू झाल्यापासून घरी बियर बनवायचा एक मेसेज फिरतोय. 5 लिटर पाण्यात 1 किलो गूळ, अर्धा किलो सातूचं पीठ, बेकरीतलं यीस्ट, सगळं काचेच्या बरणीत, झाकण टेपने सील करायचं "म्हणजे गॅस जाणार नाही, मस्त फेस येईल", आणि बरणी उघड्यावर अंगणात. थंडीत जंतू मरतात, जर्मन लोक असंच करतात, आणि घरापुरती 100 गॅलन कायद्याने माफ, असंही त्यात लिहिलंय. मी दुर्लक्ष करत होतो, पण काल भाच्याने आमच्या आईकडे लोणच्याची मोठी बरणी मागितली आणि कशाला ते सांगितलं, म्हणून हे लिहितोय.

आधी झाकण, कारण बाकी चुकलं तर फार तर पोट बिघडेल, इथे डोळा जाईल. यीस्ट साखर खाते आणि त्यातली साधारण अर्धी वजनाने कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडते. म्हणजे वरच्या रेसिपीत लिटरमागे 200 ग्रॅम गूळ, निम्माच आंबला असं धरलं तरी लिटरमागे 25 लिटर गॅस! नेहमीच्या बियरमध्ये लिटरला अडीच लिटरच्या आसपास असतो. तो फेस आणायलाही आधी बियर पूर्ण आंबू देतात, गॅस जायला एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी नळी) ठेवतात, आणि मग बाटली भरताना लिटरला 6-7 ग्रॅम साखर मोजून घालतात, तीही जाड काचेच्या बाटलीत. लोणच्याची बरणी हा दाब घ्यायला बनवलेलीच नाही, त्यात दुपारचं ऊन. अहो, आपल्याकडे माडी उतरवतात ती काही तासांत आपोआप फसफसायला लागते, त्या मडक्याला कोणी टेप लावलेली बघितलीय का?

आता थंडी. रत्नागिरीत जानेवारीत पहाटे सरासरी 18-19 डिग्री आणि दुपारी 30-31, याला थंडी म्हणायचं तर म्हणा बापडे. दापोलीकर म्हणतील आमच्याकडे जास्त पडते, पडते खरी, पण दुपार तिथेही तापतेच. जर्मनीचं अर्धं खरं आहे, मान्य करतो. बव्हेरियात 1553 साली हुकूमच निघाला होता की 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर बियर बनवायची नाही, कारण उन्हाळ्यात ती नासायची. पण त्यांची लागर यीस्ट, म्हणजे गारव्यात हळू आंबवणारी जात, 8 ते 13 डिग्रीत कित्येक आठवडे एकसारखी काम करते, दिवसरात्र दहा-बारा डिग्रीचे हेलकावे नाहीत. बियरची दुसरी, जरा उबेत चालणारी एल यीस्ट, तिलाही 18-22 लागतं, तिशीत थिनरसारखा वास मारते. आणि बर्फाच्या देशातले हौशी लोक बाहेर करतात ते काय, तर मोठं भांडं बर्नरवर उकळणं, घरात वाफ नको आणि गॅसचा धूर कोंडायला नको म्हणून, आणि मग तेच भांडं बर्फात ठेवून पटकन गार करणं. आंबवायला ते घरातच आणतात, कारण फार गारठ्यात यीस्ट झोपते. मेसेजवाल्याने बहुतेक व्हिडिओ अर्धाच बघितला.

थंडीत जंतू मरत नाहीत, फक्त सुस्तावतात, मारायचे तर उकळा आणि भांडी नीट निर्जंतुक करा. सातूचं पीठ भाजलेलं असतं, आणि स्टार्चची साखर करणारे एन्झाइम भाजल्यावर संपतात, म्हणून बियरला मोड आणून वाळवलेली बार्ली 65-67 डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवतात. इथे फक्त गूळच आंबणार. त्याला बियर का म्हणायचं देव जाणे. बेकरीचं यीस्ट चालतं, चव वाईट येते, तेवढं सोडतो.

आणि 100 गॅलन! म्हणजे 378 लिटर, कोकणात गॅलनने कोण मोजतं हो? ती सवलत अमेरिकेची, 1978 च्या कायद्याची, घरात एकच प्रौढ माणूस असेल तर वर्षाला. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम 1949 आहे, त्यात लायसनशिवाय दारू बनवणं गुन्हा, घरापुरती असली तरी, इथे प्यायलासुद्धा परमिट लागतं. गोव्याचा कायदा वेगळा आहे, पण तो बांद्यापलीकडे.

कोणी आधीच बरणी सील करून बसला असेल तर ती हलवू नका. लहान मुलांना लांब ठेवा, वर जाड ओलं गोणपाट टाका, पहाटे गारव्यात डोळ्यांना चष्मा लावून गोणपाटावरूनच टेप काढा, झाकण अगदी हळू सैल करा, आणि आतलं सगळं माडाच्या मुळाशी ओता.