न चढलेल्या शार्डचे पैसे

लंडनला पाहुणे येणार म्हटलं की मी फोनवरच सांगून टाकतो, पौंडाला गुणू नका. आजवर कोणी ऐकलेलं नाही. हीथ्रोवर उतरल्यापासून पहिल्या चहापर्यंत माणूस नवलाईत असतो. मग चहाचे पैसे द्यायची वेळ येते, नजर छताकडे जाते आणि ओठ पुटपुटायला लागतात. 2024 च्या उन्हाळ्यात साताऱ्याहून मावशी आणि काका आले, तेव्हा काकांना पुटपुटावंही लागलं नाही. सगळी नोकरी बँकेत गेलेली. "साडेतीन पौंड म्हणजे पावणेचारशे," कप खाली ठेवत ते म्हणाले. "पावणेचारशेत मी पोवई नाक्यावर निम्म्या स्टँडला चहा पाजला असता."

त्याच रात्री त्यांनी बॅगेतून एक दोनशे पानी वही काढली. पट्टीने उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'खर्च', उजवीकडे लिहिलं 'वाचले'. उजवी बाजू काय भानगड आहे ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

लंडनबद्दल एक गैरसमज आहे की इथे पैशाशिवाय मजा करता येत नाही. येते की! फक्त तिला पाय लागतात, सकाळी लवकर उठून बुकिंग करावं लागतं आणि चेहरा निर्विकार ठेवावा लागतो. पैसेवाला माणूस तिकीट काढून आत जातो आणि दमून बाहेर येतो. आपण आत जायच्या आधीच दमलेलो असतो, एवढाच काय तो फरक.

बसचंच घ्या. आम्ही राहतो ईस्ट हॅमला. ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने, मध्य लंडनात जायचं तर बसच्या जवळजवळ दुप्पट पैसे पडतात. शिवाय प्रवासाचं ऑयस्टर कार्ड घ्यायचं तर आत एक पेनी नसताना नुसत्या कार्डाचेच तेव्हा 7 पौंड. त्यावर काकांनी खिडकीतल्या माणसाला मराठीत जे विचारलं ते त्याला कळलं नाही, हे बरंच झालं. बसला तेव्हा 1.75 पौंड. आणि त्यातली खरी मेख अशी की पहिल्या बसमध्ये कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसऱ्या, तिसऱ्या, हव्या तितक्या बस बदला, पुढचं सगळं फुकट. शेवटच्या बसमध्ये एकोणसाठाव्या मिनिटाला चढलात तरी चालतं. मग खुशाल शेवटच्या स्टॉपपर्यंत बसा.

हा नियम मी काकांना सांगायला नको होता, असं बायकोचं मत आहे. मला तसं वाटत नाही, कारण त्यानंतरच्या बसप्रवासात जो थरार होता तो पन्नास पौंडांच्या तिकिटातही मिळत नाही. 115 नंबरची बस ईस्ट हॅमहून निघते आणि रडतखडत ऑल्डगेटला पोचते. तिथून 15 नंबर धरायची, की टॉवर ऑफ लंडन, सेंट पॉल्स कॅथेड्रल, फ्लीट स्ट्रीट, स्ट्रँड करत थेट ट्रफाल्गर स्क्वेअर. लाल डबलडेकर, वरचा मजला, पुढची काच. टुरिस्ट बसवाले ह्याच रस्त्यांचे भरमसाट पैसे घेतात. मावशी पुढच्या काचेला नाक लावून बसली होती. काका मोबाईलवर स्टॉपवॉच लावून. चाळिसाव्या मिनिटाला कमर्शियल रोडवर बस थांबली आणि घोषणा झाली, की दोन बसमधलं अंतर सारखं राहावं म्हणून ही बस इथे थोडा वेळ उभी राहील. बसभर कोणी हूं की चूं केलं नाही. काका उभे राहिले. "हा माणूस मुद्दाम करतोय. तास भरवायचाय त्याला." ऑल्डगेटला ते उतरले नाहीत, निसटले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, गुडघ्याला पट्टा, सिग्नलला उभ्या असलेल्या बँकर लोकांच्या मधून वाट काढत 15 च्या दारात. अठ्ठावन्नावं मिनिट. कार्ड टेकवलं, यंत्राने पिक् केलं. काकांनी मागे वळून आमच्याकडे बघितलं ते मी विसरणार नाही. मावशी शांतपणे मागून आली आणि तिने तिचं कार्ड एकसष्टाव्या मिनिटाला टेकवलं. पुढच्या काचेपाशी बसूनही त्या दिवशी काकांना सेंट पॉल्स दिसलं नाही.

म्युझियमं हा मात्र निव्वळ आनंद आहे. सरकारी म्युझियमांच्या कायमच्या दालनांना 2001 पासून तिकीटच नाही. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, चला आत. फक्त दारातल्या देणगीच्या यंत्रावरून पुढे सरकायची कला शिकावी लागते. ते यंत्र काही मागत नाही, नुसतं उजळत असतं. पडद्यावर 5 पौंड लिहिलेलं असतं आणि शेजारी एक हसतमुख मुलगी उभी असते. अशा वेळी छताच्या कमानी फार बघण्यासारख्या असतात. मावशीला ते जमलं नाही. तिने पर्स उघडून एक पौंड टाकला. वहीत तो डावीकडे गेला, त्यापुढे कंसात 'हिने' असं लिहून.

व्हिक्टोरिया अँड आल्बर्टला आम्ही जाणार म्हटल्यावर मावशी म्हणाली, "म्हणजे वाघनखांचं म्युझियम ना? ती तर आता आमच्याकडे आहेत." खरंच होतं. जुलैत ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात गेली आणि सर्वांत आधी नेमकी साताऱ्याच्याच संग्रहालयात ठेवली गेली. "मग तू पाहिलीस का?" मी विचारलं. "कुठे रे! निघायची गडबड, त्यात ही गर्दी. म्हटलं आल्यावर बघू, घरापासून दहा मिनिटांवर तर आहेत." (ही तीच वाघनखं का, ह्याची खात्री हे म्युझियम स्वतःही देत नाही; पण ते मी साताऱ्याच्या माणसासमोर बोलत नसतो.) शेवटी आम्ही टिपू सुलतानचा लाकडी वाघ पाहिला, गोऱ्या शिपायाच्या नरड्यावर बसलेला. त्याच्या पोटात बाजा आहे. काका बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वाघ इथे, नखं साताऱ्यात. सरकारी काम सगळीकडे सारखंच."

तहान आणि लघवी ह्या दोन गोष्टी कुठल्याच ट्रॅव्हल ब्लॉगवाल्याला लागत नसाव्यात. आम्हाला लागतात. तर लक्षात ठेवा: दारूचा परवाना असलेल्या हॉटेलात नळाचं पाणी मागितलं तर फुकट द्यावंच लागतं, कायदाच आहे. वेटर 'साधं की सोड्याचं' असं गोड आवाजात विचारतो, तेव्हा दोन्हीला नाही म्हणून 'नळाचं' एवढंच म्हणायचं आणि नजर पाडायची नाही. दुसरी गोष्ट, लंडनच्या मोठ्या रेल्वे टर्मिनसांवरची स्वच्छतागृहं 2019 पासून मोफत आहेत. काकांना वॉटर्लू, लिव्हरपूल स्ट्रीट, चेअरिंग क्रॉस ही स्टेशनं आजही गाड्यांमुळे आठवत नाहीत.

रात्रीच्या जेवणाची व्यवस्था पिवळ्या लेबलांवर. सुपरमार्केटात ज्याची तारीख आज संपते त्या मालावर संध्याकाळी पिवळं लेबल लागतं. वेळ दुकानागणिक वेगळी, आणि ती कोणी कोणाला सांगत नाही. कमरेला लेबलचं यंत्र लटकवलेला पोरगा ट्रॉली घेऊन येतो आणि आजूबाजूला अचानक दहाबारा माणसं उगवतात. पण हा इंग्लंड देश. झडप घालणं असभ्य. त्यामुळे एक बाई दह्याच्या डब्यावरचे घटक वाचतेय, तेही उलटा धरून. एक सुटातला गृहस्थ चीजसमोर ध्यानस्थ. सगळ्यांचे कान मात्र त्या यंत्राच्या चिर्र आवाजाकडे. मी इतकी वर्षं ह्या चीजवाल्याच्या पंथातला. मावशी पहिल्याच दिवशी सरळ त्या पोराजवळ गेली, त्याच्या दंडावर हात ठेवला आणि "यू टायर्ड? ईट समथिंग," म्हणाली. त्या क्षणापासून तो तिचा. लेबल लावायचा आणि डबा तिच्या हातात द्यायचा. मागे चीजवाल्या गृहस्थाचा चेहरा बघवत नव्हता.

पिवळ्या लेबलाची अडचण एकच, काय खायचं ते आपण ठरवत नाही. त्या आठवड्यात ॲस्परॅगसची पीठ पेरून भाजी झाली, मशरूमचं भरीत झालं आणि स्ट्रॉबेऱ्या इतक्या आल्या की मावशीने मोठं पातेलं काढून जॅम करायला घेतला. महाबळेश्वर आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे इथल्या स्ट्रॉबेरीला ती नावं ठेवत होती आणि ढवळत होती. गॅसचं बिल किती आलं ते मी वहीपासून लपवलं.

शेक्सपिअरच्या ग्लोब थिएटरात 5 पौंडांपासून तिकीट आहे हे कळल्यावर काका म्हणाले, "बघ, कलेची कदर करणारे लोक आहेत." 5 पौंडांत उभं राहायचं असतं, हे त्यांनी आत गेल्यावर ऐकलं. ग्लोबवर शाकारलेलं छप्पर आहे, 1666 च्या आगीनंतर लंडनमध्ये गवताचं छप्पर घालायची परवानगी मिळालेली ही पहिली इमारत. पण ते छप्पर बाकांवर बसलेल्यांसाठी. मधलं अंगण उघडं. दुसऱ्या अंकात पावसाला सुरुवात झाली. मावशीने छत्री उघडली, तोच एक आजोबा स्वयंसेवक आले आणि अदबीने म्हणाले की अंगणात छत्री चालत नाही. मग काका फरशीवर बसले. आजोबा पुन्हा आले. प्रयोग चालू असताना बसायचंही नाही. "बसायचे पैसे वेगळे आहेत," मी समजावलं. मावशी मात्र रंगमंचाला कोपरं टेकून, पदर डोक्यावर घेऊन तल्लीन. एका विदूषकाने तिच्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं, सगळे हसले, तीही हसली. बाहेर आल्यावर म्हणाली, "भाषा कळली नाही, पण माणूस गुणी आहे."

आंबेडकरांच्या घरी गेलो, तो दिवस वेगळा. प्रिमरोज हिलजवळ 10 किंग हेन्रीज रोड. 1921–22 मध्ये बाबासाहेब तिथे राहिले, 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर घेतलं. प्रवेश मोफत आहे. बसचे पैसे वाचवायला पायी जाणं, अर्धपोटी राहून दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसणं, हे चरित्रात आम्ही सगळ्यांनीच वाचलेलं. त्या संध्याकाळी वही निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुप्पट निघाली. सेंट पॉल्सचं तिकीट तेव्हा माणशी 25 पौंड, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला कोणीही जाऊ शकतं, पैसे नाहीत. हिंडायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, पण गाणाऱ्या पोरांचे आवाज वर त्या घुमटात चढत जातात ते ऐकायला मिळतात. मावशी हात जोडून बसली. काकांना गाढ झोप लागली, आणि उठल्यावर त्यांनी उजव्या बाजूला 50 पौंड लिहिले.

तेव्हा कुठे मला 'वाचले'चा उलगडा झाला. लंडन आयच्या उंच पाळण्यात बसलो नाही, दोघांचे पैसे वाचले. टॉवर ऑफ लंडनमध्ये गेलो नाही, माणशी 35 च्या आसपास, वाचले. शार्ड ह्या उंच काचेच्या इमारतीवर चढलो नाही, कारण दुसऱ्या एका उंच इमारतीच्या माथ्यावरच्या स्काय गार्डनला आगाऊ बुकिंग केलं की फुकट वर जाता येतं. (स्काय गार्डनच्या ह्याच इमारतीच्या खोलगट काचांनी 2013 मध्ये ऊन एकवटून खाली उभ्या जॅग्वारचे भाग वितळवले होते. ते ऊनही फुकटच होतं.) जायच्या दिवशी विमानतळाची महागडी गाडी, हीथ्रो एक्सप्रेस, घेतली नाही. हॅमरस्मिथला समोरच्याच फलाटावर बॅगा ओढून पिकॅडिली लाइनची ट्यूब धरली, तेही वाचले.

गाडीत वही मांडीवर घेऊन काकांनी बेरीज केली, शंभराने गुणली, वर थोडं चढवलं आणि चष्मा काढला. "पाऊण लाखाच्या वर आहेत," ते मावशीला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पुढच्या वर्षी पॅरिसला जाऊ म्हणतो. तिथे आयफेल टॉवरवर चढलो नाही तर किती वाचतील, तेवढं बघून ठेव."