धाकट्या भावाने गादी कशी घ्यावी आणि कशी लिहवून घ्यावी

परवा आमच्या व्याख्यानमालेत एक इतिहासप्रेमी गृहस्थ ठणकावून गेले, की अकराव्या शतकातल्या, कर्नाटकातल्या कल्याणीच्या चालुक्य राजाने, सहाव्या विक्रमादित्याने, थोरल्या भावाला, दुसऱ्या सोमेश्वराला, गादीवरून काढलं ते नाइलाजाने. शंकराची आज्ञाच होती. पुरावा? त्याच्याच दरबारी कवीने, बिल्हणाने, त्याच्यावर रचलेलं संस्कृत काव्य 'विक्रमांकदेवचरित'. टाळ्या! मी हात वर केला, तर "श्रद्धेचा विषय आहे" म्हणून आभारप्रदर्शन सुरू. मग म्हटलं, आपल्या वाचकांनी तरी मागे का राहावं? लिहा आपापल्या घराण्याचा इतिहास.

सुरुवात आजोबांपासून करू नका, ब्रह्मदेवापासून करा. बिल्हणाने चालुक्यांचा मूळपुरुष थेट ब्रह्मदेवाच्या ओंजळीतून काढला. देवगिरीच्या यादवांनी श्रीकृष्णाचं कूळ धरलं, कोकण-कोल्हापूरच्या शिलाहारांनी पुराणकथेतल्या जीमूतवाहन या विद्याधराचं. उशीर केलात तर बरे पूर्वज उरायचे नाहीत.

पराभव लिहू नका.

जमीन दान दिलीत तर ताम्रपटाच्या शेवटी शाप घाला: हिसकावणारा ६०,००० वर्षं विष्ठेत किडा होईल. तलाठ्याकडे खेटे घालण्यापेक्षा बरं.

आता भाऊबंदकी. खरं कसब इथे, आणि ते बिल्हणाकडून शिका. आधी बापाने शंकराची तपश्चर्या करावी आणि धाकटाच थोर निघणार हे आकाशवाणीने जन्माआधीच सांगून टाकावं. बापाने युवराजपद देऊ केलं की धाकट्याने म्हणावं, "छे, हक्क दादाचा." (हे विसरू नका, पुढे फार कामी येतं.) मग दादा बिघडावा. तरी लढायचं नाही! शंकराने स्वप्नात येऊन दटावल्यावरच तलवार उचलायची. मग १०७६ साली दादा कैदेत, आपण गादीवर, आणि शककाल बाजूला सारून स्वतःच्या नावाचा संवत सुरू. तोही स्वप्नातच सांगितला होता काय? दादाची बाजू कुठे आहे? कैद्याला कोण कवी देतो!

अहो, बिल्हण काश्मीरहून आला, याच राजाने त्याला विद्यापती, म्हणजे दरबारचा मुख्य पंडित, केलं. देवाच्या संमतीवाचून राज्य शोभत नाही असं मानणाऱ्या काळात तो लिहीत होता. त्यात श्रद्धा किती आणि खाल्लेलं मीठ किती, हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्याच्यावर माझा राग नाही. त्याने तर पहिल्या सर्गातच बजावून ठेवलंय: रावणाचं यश आकसलं, रामाचं वाढलं, हा सगळा आदिकवीचा प्रभाव, तेव्हा राजांनी कवींना चिडवू नये. दरबारी कवी इतकं उघड बोलतो आणि तुम्ही त्याने रचलेलं स्वप्न साक्षीला उभं करता? शंकराच्या तोंडी ते शब्द कुणी घातले, एवढं विचारलं की भावना दुखावतात? काव्याला अठरा सर्ग आहेत. निदान पहिला तरी वाचा, मग ठोका भाषणं.