जळफळाट माझा, बारसं कुणाचं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

टोपणनावाआड लपलात, म्हणून नुसताच नमस्कार.

लघुग्रहांच्या नावांवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : 'माझ्या भाच्यानं लघुग्रह शोधला, नाव द्यायचा हक्क त्याचाच. दोन टॉवरांमधून आकाश बघणाऱ्या मुंबईकरांचा हा जळफळाट आहे.' जळफळाट? पंधरा वर्षं कर्जत लोकलनं वांगणी गाठून आकाश बघत रात्री जागवतोय. जरा जपून बोला.

एक चूक मान्य. 'नाव मिळायला दहा वर्षं लागतात' हे मी ढिसाळ लिहिलं. कक्षा पक्की होऊन लघुग्रहाला कायम क्रमांक मिळाल्यावर नाव सुचवायला शोधकाला दहा वर्षांची मुदत असते. झालं समाधान?

आता 'शोधला'. शोधमोहिमेत मुलांना दुर्बिणीनं थोड्या थोड्या वेळानं टिपलेल्या आकाशाच्या एकाच भागाच्या चार फ्रेम मिळतात. अ‍ॅस्ट्रोमेट्रिका या सॉफ्टवेअरमध्ये त्या आलटूनपालटून पाहिल्या की तारे जागच्या जागी आणि एखादा ठिपका सरकताना दिसतो. मंगळ-गुरूमधल्या मुख्य पट्ट्यातला असेल तर प्रतियुतीच्या (पृथ्वीवरून सूर्याच्या विरुद्ध बाजूला दिसण्याच्या) सुमारास तासाला साधारण अर्धा आर्कमिनिट (अंशाचा एकशेविसावा भाग) सरकतो. ठिपका चारही फ्रेममध्ये सरळ रेषेत, सारख्या अंतरानं हवा. मध्येच उडी मारली किंवा तेज भलतंच बदललं, तर बहुधा सेन्सरचा डाग नाहीतर नॉइज. सगळं जुळलं तरी ती एका रात्रीची नोंद. दुसऱ्या रात्री तो कुणाला सापडला नाही तर तात्पुरतं नावसुद्धा नाही. पुढे कक्षा पक्की व्हायला बहुधा चार प्रतियुती लागतात, म्हणजे पाचेक वर्षं. शोधक कोण हे क्रमांक देताना ठरतं. दोन रात्रींच्या नोंदी आधी दुसऱ्याच कुणी पाठवलेल्या निघाल्या, तर शोधक तो. भाचा नव्हे.

पंडित जसराजांच्या नावाच्या लघुग्रहाचंच बघा. ११ नोव्हेंबर २००६ ला अ‍ॅरिझोनातून सापडला, तात्पुरतं नाव '२००६ व्हीपी३२'. व्ही म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. आय वगळून पी पंधरावं अक्षर, आणि ३२ म्हणजे पंचवीस अक्षरांच्या बत्तीस फेऱ्या आधीच संपलेल्या. त्या पंधरवड्यातला ८१५ वा! नाव मिळालं २०१९ मध्ये. (क्रमांक ३००१२८, मागून दोन-दोन आकडे घ्या, पंडितजींची जन्मतारीख येते.)

शोधकालाही फक्त सुचवता येतं, ठरवते आंतरराष्ट्रीय खगोल संघाची समिती. सोळा अक्षरांची मर्यादा, जाहिरातबाजी चालत नाही, राजकारण्याच्या निधनाला शंभर वर्षं व्हावी लागतात. म्हणजे तुमच्या नगरसेवकांना थांबावं लागेल.

तुमच्या 'इंग्रजाळलेले', 'अनुदान' वगैरे टोमण्यांना उत्तर देत नाही. भाच्याकडे तात्पुरतं नाव असेल तर कळवा, दोन रात्रींच्या नोंदी आधी कुणाच्या आहेत ते लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या यादीत बघून सांगतो.